मॉरिशस: आधी वाटणी, मग भाकरी?

(हे आपल्या नव्या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघात आलेली थोडी पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)



मागच्या भागानंतर एका श्रोत्यांची ईमेल आली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की म्हातारपणाची पेन्शन, फुकट शाळा, फुकट दवाखाना हे श्रीमंत देशांचे चोचले आहेत. गरीब देशानं आधी भाकरी मोठी करावी आणि मग वाटायला बसावं. ईमेल चांगली होती, पोटतिडकीनं लिहिलेली होती. आणि खरं सांगतो, वीस-बावीस वर्षांचा असताना मीही हेच बोलायचो.

आज मी त्यांना उत्तर म्हणून एका देशाची गोष्ट सांगणार आहे. या देशानं भाकरी पुरेशी मोठी व्हायच्या आधीच वाटायला घेतली. जगातल्या एका मोठ्या अर्थतज्ज्ञानं 'यांचं काही खरं नाही' असं लिहून ठेवलं होतं, तरीही. तो देश म्हणजे मॉरिशस. गोष्ट सरळ नाहीये, हे आधीच सांगतो. शेवटी तुम्ही 'बघा, आम्ही म्हणत नव्हतो?' असंही म्हणू शकाल.

सुरुवात करू या आकारापासून. मॉरिशसचं मुख्य बेट गोव्याच्या जवळजवळ निम्मं आहे. हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला. बेटावर मूळचे असे कोणी रहिवासीच नव्हते. डच आले, गेले. मग फ्रेंच आले, आणि 1810 मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं. जमीन मात्र फ्रेंच वंशाच्या मळेवाल्यांकडेच राहिली. मळ्यात ऊस, आणि उसात आफ्रिकेतून, मादागास्करहून आणलेले गुलाम.

1835 मध्ये गुलामगिरी संपली. साठ हजारांहून जास्त माणसं मोकळी झाली. आता नुकसानभरपाई कोणाला मिळाली असेल? मालकांना! वीस लाख पौंडांहून जास्त रक्कम. गुलामांना एक पैसा नाही, एक गुंठा जमीन नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण आपण शेवटी परत इथेच येणार आहोत.

मग मळ्यांना माणसं पाहिजेत, म्हणून हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायला सुरुवात झाली. गिरमिटिये. 2 नोव्हेंबर 1834 रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून 36 मजूर उतरले आणि नंतरच्या काळात जवळजवळ साडेचार लाख माणसं त्या धक्क्यावरून आत गेली. पोर्ट लुईचा तो आप्रवासी घाट आज जागतिक वारसा आहे. बिहारी, तामिळ, तेलुगू आणि आपलीही माणसं त्यांत होती. रत्नागिरीच्या बाजूची कोकणातली माणसं मुंबई बंदरातून गेली. त्यांची नातवंडं-पतवंडं आज तिथे घरात क्रिओल बोलतात, शाळेत मराठी विषय घेतात, आणि गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये या मजुरांची कागदपत्रं जपून ठेवली आहेत. आपला खापरपणजोबा कोण होता हे शोधायला लोक तिथे जातात.

या मजुरांचं आयुष्य कसं होतं त्याचा एकच नमुना देतो. तिथे 'दुहेरी कापणी' नावाची पद्धत होती. एक दिवस खाडा झाला, की दोन दिवसांची मजुरी कापायची. ताप आला असेल, पाय मोडला असेल, ते तुमचं तुम्ही बघा.

आता उडी मारून येऊ 1937 मध्ये. त्या ऑगस्टमध्ये मळ्यांमध्ये असंतोष उसळला आणि युनियन फ्लाक इथे मळ्याच्या माणसांनी जमावावर गोळ्या झाडल्या. माणसं मेली. 1943 मध्ये बेल व्ह्यू हारेल इथे पोलिसांनी गोळीबार केला, त्यात अंजली कूपन ही गरोदर मजूर बाई गेली. मॉरिशसमध्ये आज तिच्या नावाचं स्टेडियम आहे. मी हे का सांगतोय? कारण पुढे ज्या सवलती मिळाल्या त्या कोणी दयाळू साहेबानं सुचल्या म्हणून दिल्या नाहीत. 1936 मध्ये डॉ. मोरिस क्युरे यांनी मजूर पक्ष काढला होता. 1937 नंतर सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला, कामगार संघटनांना जागा द्यावी लागली. पुढे मतदानाचा हक्क पसरत गेला, तशी आमदारांची भाषाच बदलली.

1950 मध्ये म्हातारपणाची पेन्शन सुरू झाली. सुरुवातीला ती फक्त गरिबांना होती, म्हणजे उत्पन्न तपासून. 1958 मध्ये ती अटही काढली. वय झालं की पेन्शन, तुम्ही उसाच्या फडातले मजूर असा की मळ्याचे मालक. एक नया पैसा आधी भरलेला नसला तरी चालेल. मंडळी, 1958! हा देश तेव्हा स्वतंत्रही नव्हता. इंग्रजांची वसाहत, एका पिकावर जगणारी.

इथे मला माझ्या आत्याची आठवण येते. तिला निराधार म्हणून सरकारी पेन्शन मिळण्यासारखी होती, पण त्यासाठी उत्पन्नाचा दाखला पाहिजे. दाखल्यासाठी कचेरीत चार खेपा. एकदा साहेब नाहीत, एकदा सर्व्हर बंद, एकदा रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही. चौथ्या खेपेला आत्या मला म्हणाली, 'अरे, मी गरीब आहे हे मला माहितीये, गावाला माहितीये, यांनाच तेवढं पटत नाही.' उत्पन्न तपासायचं म्हटलं की जो सगळ्यात गरजू तोच बरेचदा गाळला जातो. आणि दुसरी गोष्ट, जी पेन्शन सगळ्यांना मिळते तिच्यावर सहज हात टाकता येत नाही, कारण मतदारसंघातलं प्रत्येक घर तिचं राखणदार असतं. हा दुसरा मुद्दा मॉरिशसच्या इतिहासात पुढे अक्षरशः खरा ठरतो. येतो त्यावर.

त्याआधी तो मोठा अर्थतज्ज्ञ. जेम्स मीड. यांना पुढे 1977 मध्ये नोबेल मिळालं. 1960 मध्ये ते मॉरिशसची पाहणी करायला आले. परिस्थिती काय होती बघा. दुसऱ्या महायुद्धानंतर फवारण्या करून मलेरिया आटोक्यात आणला होता. माणसं मरायची थांबली, जन्म मात्र होते तसेच. 1944 च्या जनगणनेत सव्वाचार लाखांच्या आतबाहेर लोक होते, 1962 मध्ये ते पावणेसात लाखांच्या वर गेले. जमीन तेवढीच. निर्यातीतला नव्वद टक्क्यांहून जास्त पैसा एकट्या साखरेचा. त्यातच फेब्रुवारी 1960 मध्ये 'कॅरोल' नावाचं चक्रीवादळ आलं, हजारो घरं उडाली आणि ऊस झोपला. वर समाज असा, की हिंदू, मुसलमान, क्रिओल, चिनी, फ्रेंच वंशाचे गोरे, आणि प्रत्येकाला दुसऱ्याची धास्ती.

मीडनी 1961 मध्ये जे लिहिलं त्याचा सारांश असा, की या बेटाचा शांततेनं विकास होण्याची शक्यता कमी आहे. तेव्हाचे आकडे पाहिले तर त्यांना मूर्ख म्हणायची माझी तरी हिंमत होत नाही. लोकसंख्या फुगतेय, कामं नाहीत, जमाती एकमेकांकडे संशयानं बघतायत. आणि मीडचं म्हणणं खोटं ठरायच्या आधी खरं ठरायला लागलंही होतं. 1967 च्या निवडणुकीत स्वातंत्र्याच्या विरोधात 44 टक्के मतं पडली. जानेवारी 1968 मध्ये, स्वातंत्र्याला दोन महिने असताना, पोर्ट लुईमध्ये क्रिओल आणि मुसलमान टोळ्यांत दंगल पेटली, ती इतकी की इंग्रजांचं सैन्य बोलवावं लागलं. 12 मार्च 1968 ला झेंडा वर गेला तेव्हा माणशी वार्षिक उत्पन्न 400 डॉलरच्या खाली होतं.

मग पुढे झालं काय?

पहिली गोष्ट म्हणजे एक न लिहिलेला सौदा. पंतप्रधान शिवसागर रामगुलाम, पेशानं डॉक्टर, यांनी मळे ताब्यात घेतले नाहीत. त्यांच्यापुढे त्या काळातली उदाहरणं होती. अनेक नव्या देशांनी वसाहतीतल्या जमिनी काढून घेतल्या होत्या. रामगुलामांनी मळेवाल्यांना जणू सांगितलं, जमीन तुमची राहू दे, पण साखर बंदरातून बाहेर जाताना त्यावर कर बसेल. हा निर्यात कर चढता होता, मोठ्या मळ्याला जास्त, छोट्या शेतकऱ्याला कमी. त्या पैशातून दवाखाने, शाळा, पेन्शन, तांदूळ आणि पिठावरचं अनुदान. मळेवाल्यांना हे आवडलं नसणार, पण जमीन वाचली. मजुराला जमीन मिळाली नाही, पण मुलगा शाळेत गेला. दोघांनीही थोडं गिळलं.

दुसरी गोष्ट, बायका. मीड आले त्याच सुमाराला रिचर्ड टिटमस यांचाही अहवाल आला होता, सामाजिक धोरण आणि लोकसंख्या यावर. कुटुंबनियोजनाचं काम सुरू झालं. सरकार त्यात होतं, आणि कॅथॉलिक लोकांनी त्यांच्या पद्धतीनं वेगळी संस्था काढली. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला एका बाईमागे सरासरी सहाच्या आसपास मुलं होती. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तो आकडा साडेतीनच्या खाली आला. जबरदस्ती नाही, नसबंदीच्या मोहिमा नाहीत. आपल्याकडे आणीबाणीत काय झालं ते आठवा, म्हणजे यातला फरक कळेल. मुलं जगायला लागली होती, मुली शाळेत जात होत्या, आणि म्हातारपणी थोडा तरी आधार सरकारचा होता. आता यातलं नेमकं कशामुळे किती झालं, हे वेगळं काढून दाखवता येत नाही. पण मीडना ज्याची सर्वांत जास्त भीती होती ती लाट ओसरली.

तिसरी गोष्ट शाळा. प्राथमिक शिक्षण आधीच फुकट होतं, माध्यमिकला फी होती. 20 मे 1975 ला हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले. पोलिसांशी झटापट झाली. सरकार हादरलं. मतदानाचं वय 18 वर आलं, आणि 1976 च्या निवडणुकीच्या तोंडावर रामगुलामांनी माध्यमिक शिक्षण फुकट करायचं आश्वासन दिलं. जानेवारी 1977 पासून ते लागू झालं. निवडणुकीचं गाजर? होय, गाजरच होतं. पण खायला मिळालं! आणि त्याचा सगळ्यात मोठा फायदा मुलींना झाला, कारण फी भरायची वेळ आली की घरात मुलाची आधी भरली जायची.

चौथी गोष्ट नशिबाची, आणि ती लपवून उपयोग नाही. 1975 मध्ये युरोपबरोबर साखरेचा करार झाला. मॉरिशसची सुमारे पाच लाख टन साखर दरवर्षी ठरलेल्या भावानं युरोप घेणार, आणि तो भाव बहुतेक वर्षी जागतिक बाजारापेक्षा बराच चढा. हा करार 2009 पर्यंत टिकला. ऊसपट्ट्यातल्या आपल्या श्रोत्यांना मी वेगळं सांगायला नको, खात्रीचा भाव म्हणजे काय असतं ते. असं वरदान प्रत्येक देशाच्या वाट्याला येत नाही.

आणि पाचवी, कारखाने. प्राध्यापक एदुआर लिम फात यांच्यासारख्या लोकांनी तैवानचं उदाहरण पाहून निर्यात क्षेत्राची कल्पना मांडली होती. 1970 मध्ये कायदा झाला. कापड शिवा, स्वेटर विणा, बाहेर पाठवा, कर माफ. भांडवल हाँगकाँगहून आलं, पण जवळजवळ निम्मं देशातलंच होतं. म्हणजे ज्यांचे मळे वाचले होते, त्यांनी साखरेचा पैसा परदेशात न पळवता शिलाई मशिनांत घातला. सौदा इथे कामाला आला.

लगेच सगळं गोड झालं असं नाही. 1970 च्या दशकाच्या शेवटी साखरेचे भाव पडले, तेल महागलं, रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं, नाणेनिधीकडे हात पसरावे लागले. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला काम करू शकणाऱ्या पाचांतला एक जण बेकार होता. 1982 मध्ये रामगुलामांचा पक्ष असा आपटला, की मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा विरोधकांनी नेल्या. मी म्हणेन, खरी परीक्षा ती. सत्ता शांतपणे बदलली. नवं सरकार अनिरुद्ध जगन्नाथांचं. खर्च कापला गेला, पण फुकट शाळा आणि पेन्शन राहिली.

आणि मग निर्यातीचे कारखाने धडाधड वाढले. 1983 च्या सुमाराला तिथे पंचवीस हजार कामगार होते, दशक संपेपर्यंत नव्वद हजारांच्या आसपास. 1990 च्या दशकात तर माणसं कमी पडायला लागली, चीनमधून, भारतातून, बांगलादेशातून आणावी लागली. ज्या बेटावर माणसं जास्त झाली म्हणून मीड काळजीत होते तिथे!

यातली एक गंमत सांगतो. मीडनी नुसतं भाकीत केलं नव्हतं, उपायही सुचवले होते. भरपूर माणसं लागतील असे उद्योग काढा, मजुरी फार चढू देऊ नका, आणि लोकांना दुसऱ्या मार्गानं आधार द्या. मॉरिशसनं बरंचसं तेच केलं. म्हणजे मीडना खोटं पाडण्यात मीडचाही हात होता. आणि इथेच माझ्या त्या श्रोत्यांना उत्तर आहे असं मला वाटतं. पेन्शन, स्वस्त तांदूळ, फुकट शाळा आणि दवाखाना घरात येत होता, म्हणून कमी मजुरीवर माणूस टिकला. मजुरी कमी होती म्हणून कारखाने आले. पोरं शिकलेली होती म्हणून कारखाने चालले. आणि निवडणुकीनं सरकार बदलता येतं हे माहीत होतं, म्हणून 1968 च्या दंगलीचं यादवी युद्ध झालं नाही. वाटणी हा भाकरीतून केलेला खर्च होताच, पण पीठ मळायलाही तीच लागली.

पण थांबा. कमी मजुरी कोणाची?

बायकांची. निर्यातीच्या कारखान्यांत बहुसंख्य कामगार बायका होत्या, आणि कायद्यानं त्यांची किमान मजुरी पुरुषांपेक्षा कमी होती. 1984 मध्ये पुरुषांची किमान मजुरीच काढून टाकली, तेव्हा पुरुषही आले. म्हणजे बाईची मजुरी वर नेली नाही, पुरुषाचं संरक्षण खाली आणलं. मॉरिशसच्या 'चमत्कारा'वर जे गौरवाचे लेख येतात त्यांत हे वाक्य फारसं सापडत नाही. दुसऱ्या बाजूनं, याच बायकांच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा पगार आला. दोन्ही खरं आहे.

आणि आता परत 1835. ज्यांना ना भरपाई मिळाली ना जमीन, त्या गुलामांचे वंशज म्हणजे क्रिओल समाज. वाटणीत ते मागे राहिले. सरकारी नोकऱ्यांत कमी, पक्क्या घरांत कमी, शाळेत गळती जास्त. फेब्रुवारी 1999 मध्ये काया नावाचा त्यांचा लाडका गायक पोलीस कोठडीत मेला आणि काही दिवस सगळं बेट पेटलं. 'आमच्याकडे सगळ्या जमाती गुण्यागोविंदानं राहतात' या सरकारी चित्राला तेव्हा मोठा तडा गेला. सरकारनं नेमलेल्या सत्य आणि न्याय आयोगानं 2011 मध्ये अहवाल दिला, त्यात गुलामगिरीपासूनचा हा हिशेब मांडला आहे. आणि चागोस बेटांवरचे दीड-दोन हजार लोक! 1965 मध्ये इंग्रजांनी ती बेटं मॉरिशसपासून तोडली, पुढे माणसांना उचललं, आणि त्यांतले बरेचसे पोर्ट लुईच्या झोपड्यांत येऊन पडले. सगळ्यांना पेन्शन देणं आणि सगळ्यांना सामावून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला या देशानं शिकवलं.

आता राखणदाराची गोष्ट, जी मघाशी अर्धी ठेवली. 2004 मध्ये सरकारनं ठरवलं, पेन्शन श्रीमंतांना कशाला? उत्पन्न तपासू. कागदावर अगदी रास्त. 2005 मध्ये निवडणूक झाली, सरकार पडलं. नवे पंतप्रधान नवीन रामगुलाम, म्हणजे शिवसागररावांचे चिरंजीव. त्यांनी ती तपासणी रद्द केली. पुढच्या वर्षांत प्रत्येक निवडणुकीत पेन्शनची बोली चढत गेली.

2020 मध्ये जागतिक बँकेनं मॉरिशसला उच्च उत्पन्नाच्या देशांत घातलं. एका वर्षात कोविडनं पर्यटन बसलं आणि देश परत मध्यम उत्पन्नाच्या वरच्या गटात आला. इकडे बाईमागे मुलांचा आकडा दीडच्याही खाली. म्हातारे वाढतायत, कमावते कमी होतायत. आणि जून 2025 च्या अर्थसंकल्पात पेन्शनचं वय 60 वरून टप्प्याटप्प्यानं 65 वर न्यायचं जाहीर झालं. कोणी केलं? त्याच नवीन रामगुलामांनी. लोक रस्त्यावर उतरले. साठीला आलेल्या, आयुष्यभर शिलाई मशिनवर बसलेल्या बाईला आणखी पाच वर्षं थांब म्हणणं सोपं नाही. आणि तिजोरीचा हिशेबही खोटा नाही.

तर श्रोते महाशय, तुम्ही म्हणाल, बघा, शेवटी परवडलं नाहीच. मी म्हणेन, जी गोष्ट 1958 मधल्या कंगाल वसाहतीला परवडली, आणि जिच्या आधारानं तीन पिढ्या शिकल्या, त्यांतल्या दहांपैकी जवळजवळ नऊ घरांच्या डोक्यावर आज स्वतःचं छप्पर आहे, तिच्यात साठ-सत्तर वर्षांनी दुरुस्ती करावी लागणं म्हणजे ती चुकली होती असं नाही. माझी काळजी वेगळी आहे. ही दुरुस्ती करताना ओझं पुन्हा कोणाच्या खांद्यावर जाईल? 1835 मध्ये ज्यांना वगळलं, 1984 मध्ये ज्यांची मजुरी गृहीत धरली, त्यांच्याच का?

त्या आप्रवासी घाटाला दगडी पायऱ्या आहेत. रत्नागिरीकडून आलेली माणसंही त्याच चढून गेली. पुढे काय वाढून ठेवलंय ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या पतवंडांना निदान मत देता येतं, आणि सरकार पाडता येतं. माझ्या मते या गोष्टीतली सगळ्यात मोलाची कमाई ती आहे.

तुम्हाला काय वाटतं ते जरूर लिहा. आत्याला पेन्शन लागली का, असं कोणी विचारायच्या आत सांगतो, लागली. पाचव्या खेपेला.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.